मीराबहेन आणि मातीची कुटी

वैशाखातील दुपार. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटासारख्या जुन्या गावी अशा वेळी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. वारा वाहतो, पण तो अंग भाजून काढणारा. अशा उन्हातून येऊन एखाद्या जुन्या धाब्याच्या घराचा उंबरठा ओलांडावा, तो अंगाला एकदम गारवा जाणवतो. हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर अंथरलेला मातीचा जाड थर, उंचावर ठेवलेले लहानसे झरोके आणि शेणाने सारवलेली जमीन, एवढेच त्या घराचे वैभव. तथापि बाहेरचा वणवा त्या भिंतींपाशी अडून राहतो.

असे घर बांधणाऱ्या गवंड्याला शास्त्रीय परिभाषा ठाऊक नव्हती. पण ऊन, वारा आणि पाऊस यांचा स्वभाव त्याला पुरता माहीत होता. पश्चिम वऱ्हाडात पाऊस बेताचा, म्हणून तेथे सपाट धाबे चालते. पूर्वेकडे वर्ध्याच्या बाजूला पाऊस अधिक पडतो, म्हणून तेथील घरांना कवेलूंचे उतरते छप्पर असते. जसा प्रदेश तसे घर, हे शहाणपण आपल्या पूर्वजांनी अनुभवाने मिळविले होते. परंतु जे रोज डोळ्यांसमोर असते, त्याचे मोल माणसाला वाटेनासे होते. मातीचे घर म्हणजे दारिद्र्याची खूण, असे आपणच मानू लागलो. त्या मातीचे मोल ओळखून तिला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या व्यक्तींपैकी एक होती समुद्रापलीकडून आलेली एक इंग्रज स्त्री. मीराबहेन या नावाने ती भारताला परिचित झाली.

मीराबहेनचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील ब्रिटिश आरमारात अधिकारी होते व पुढे ते मोठ्या हुद्द्यास चढले. वडिलांच्या नोकरीमुळे घरी सतत फिरती असे; त्यामुळे मॅडेलिनचे बालपण बरेचसे आजोबांच्या खेड्यातील प्रशस्त घरी गेले. तेथे बाग होती, गोठा होता, घोडे होते. ही मुलगी बाहुल्यांत रमली नाही. झाडे, पाखरे आणि जनावरे यांच्या सहवासात तिला जो आनंद वाटे, तो दिवाणखान्यातील मेजवान्यांत कधी वाटला नाही.

वडिलांची नेमणूक हिंदुस्थानाकडील आरमारावर झाली, तेव्हा मॅडेलिन त्यांच्याबरोबर मुंबईस आली व सुमारे दोन वर्षे येथे राहिली. परंतु त्या वेळी तिच्या दृष्टीस पडला तो केवळ साहेबांचा हिंदुस्थान. बंगले, नोकरचाकर आणि नाचगाण्याचे समारंभ यांपलीकडे एक अफाट देश पसरलेला आहे, याची तिला जाणीवही झाली नाही. पुढे ज्या भूमीतील मातीशी तिचे जन्माचे नाते जडावयाचे होते, त्या भूमीवरून ती जणू डोळे मिटून गेली.

तरुणपणी मॅडेलिनला जर्मन संगीतकार बेथोव्हेन याच्या संगीताने वेड लावले. त्याचे जीवन समजून घेण्याच्या ध्यासातून तिने फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांची स्वित्झर्लंडमध्ये भेट घेतली. रोलाँ यांनी महात्मा गांधींविषयी एक छोटे पुस्तक लिहिले होते. बोलता बोलता त्यांनी गांधींचे नाव घेतले. मॅडेलिनने तोवर ते ऐकलेही नव्हते. तिने ते पुस्तक मिळवून वाचले, आणि आपल्या आयुष्याची वाट कोणती हे तिला उमगले.

भावनेच्या भरात लगेच निघून जावे असे तिला प्रथम वाटले. पण तिने स्वतःला आवरले. आपल्या अंगी अद्याप पात्रता नाही, हे तिने ओळखले. एक वर्षभर तिने स्वतःला घडविले. ती जमिनीवर मांडी घालून बसण्यास शिकली, सूत कातू लागली, मांसाहार सोडला. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती साबरमतीच्या आश्रमात दाखल झाली. गांधीजींनी तिला कन्या मानले आणि मीरा हे नाव दिले. आरमारी अधिकाऱ्याच्या कन्येने खादीचे वस्त्र परिधान केले, केस उतरविले आणि आश्रमातील इतरांप्रमाणे संडास सफाईचे कामही हाती घेतले. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा मीराबहेन त्यांच्यासमवेत होत्या. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला.

गांधीजींनी आपले ठाणे वर्ध्यास हलविले, तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. भारत खेड्यांत राहतो. मग खेड्याची सेवा करावयाची तर खेड्यातच राहावयास हवे. मीराबहेननी प्रथम वर्ध्याजवळच्या सिंदी या खेड्यात सफाईचे काम आरंभिले. नंतर वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरांवर असलेल्या शेगाव या खेड्यात त्या राहावयास गेल्या. वस्ती सुमारे सहाशे. जाण्यास धड रस्ता नाही, टपालाची सोय नाही. साप, विंचू आणि हिवताप यांचा मात्र सुकाळ. हेच शेगाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम या नावाने ओळखले जाऊ लागले.

१९३६ च्या उन्हाळ्यात गांधीजींनी शेगावी राहण्याचे ठरविले. त्यांच्यासाठी घर उभारण्याची जबाबदारी मीराबहेनवर आली. गांधीजींच्या अटी मोजक्या, पण कडक होत्या. घरासाठी पाचशे रुपयांहून अधिक खर्च होता कामा नये. साहित्य आसपास मिळेल तेच वापरावे. काम गावातील कारागिरांच्या हातून व्हावे. खेड्यातील गरिबाला जे परवडणार नाही, ते गांधीजींना नको होते.

या अटी ऐकून एखादा शहरी कंत्राटदार हात जोडून निघून गेला असता. मीराबहेननी मात्र गावाकडे शिष्याच्या नजरेने पाहिले. येथील लोक शेकडो वर्षे या उन्हात आणि पावसात राहत आले आहेत. मग घर कसे बांधावे हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? माती गावातली, लाकूड व बांबू आसपासचे, कवेलू कुंभाराच्या आव्यातले. आश्रमवासी बळवंतसिंह यांच्या मदतीने काम सुरू झाले.

३० एप्रिल रोजी गांधीजी शेगावी आले, तेव्हा घर तयार नव्हते. काही दिवस राहून ते बाहेरगावी गेले, आणि इकडे मीराबहेनची काळाशी शर्यत सुरू झाली. मातीच्या कामाला ऊन हवे असते. भिंत थर थराने चढते. खालचा थर वाळल्याखेरीज वरचा घालता येत नाही. पाऊस येण्यापूर्वी छप्पर चढले नाही, तर महिन्याभराची मेहनत चिखल होऊन वाहून जावयाची. मीराबहेन भर उन्हात कामावर उभ्या राहिल्या. जूनच्या मध्यास गांधीजी परतले ते मुसळधार पावसात, वर्ध्याहून पायी चालत, नखशिखान्त भिजून. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर छप्पर होते. या घरास पुढे आदी निवास असे नाव मिळाले. एक मोठी खोली आणि भोवती पडवी, असे ते घर. त्या एकाच खोलीत गांधीजी, कस्तुरबा, आश्रमवासी आणि पाहुणे असे सर्वजण दाटीवाटीने राहत.

मीराबहेन स्वतः तेथे राहिल्या नाहीत. जवळच त्यांनी आपल्यासाठी एक लहान कुटी उभारली. गावकऱ्यांना पिंजण व सूतकताई शिकविण्याचे काम त्या तेथे करीत. या कुटीत त्यांनी आपले सारे कसब ओतले.

ही कुटी नीट न्याहाळून पाहण्यासारखी आहे. तिच्यातील एकही गोष्ट निरर्थक नाही. प्रथम तिच्या जोत्याकडे पाहावे. ते भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच आहे, म्हणून पावसाळ्यातील ओल भिंतीच्या मुळाशी साचत नाही. मातीच्या भिंतीला उन्हाची भीती नाही. तिचा शत्रू पाणी. म्हणून छप्पर भिंतीच्या बरेच पुढे काढून खाली उतरविले आहे. पागोळ्या दूर पडतात, आणि पावसाची झड भिंतीपर्यंत पोहोचत नाही. तीच वळचण उन्हाळ्यात दुसरे काम करते. तिच्यामुळे भिंतीवर सावली राहते. आणि जी भिंत तापतच नाही, ती आतल्या माणसाला तापविणार कशी?

कडेची पडवीही अशीच बहुगुणी. ती बाहेरचे ऊन आणि आतली खोली यांच्यामध्ये ढालीसारखी उभी असते. डोळे दिपविणारा झगझगीत उजेड पडवीत मंद होतो आणि मग आत येतो. खिडक्यांना बांबूच्या जाळ्या आहेत. त्यांतून वारा खेळतो. उन्हाळ्यात कोरडी झळ असते, पण पावसाळ्यात उघडीप पडली की हवा दमट होऊन घामाने जीव हैराण होतो. अशा वेळी जाड भिंतीचा उपयोग थोडा आणि वाहत्या वाऱ्याचा अधिक. हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून गेली, तरच अंगावरचा घाम वाळतो आणि थंडावा वाटतो.

आता माथ्यावरच्या कवेलूंकडे पाहावे. ही अर्धगोल कवेलू बांबूंच्या आधारावर एकमेकांवर रचलेली असतात. पाणी त्यांवरून घरंगळून जाते, पण त्यांच्या सांध्यांतून हवा आरपार होते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व कवेलूंच्या फटींतून निसटून जाते. पत्र्याखाली हीच हवा कोंडून राहते व घराची भट्टी होते. मातीच्या भिंतीचा गुण तर याहूनही मोठा. माती उष्णता फार हळू आत घेते. दुपारचे ऊन भिंत ओलांडून आत येईपर्यंत संध्याकाळ होते आणि बाहेरची हवा निवलेली असते. शिवाय अशी भिंत भाजावी लागत नाही. विटेसाठी भट्टी पेटवावी लागते, सिमेंटासाठी कारखान्यात प्रचंड जळण लागते. मातीच्या भिंतीला लागतो तो केवळ सूर्य. आणि घर मोडले, तरी तिची माती पुन्हा शेताला मिळते.

उपयोगाबरोबर सौंदर्याचाही मीराबहेनना विसर पडला नव्हता. कुटीच्या भिंतींवर त्यांनी ओल्या मातीतूनच ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ॐकार उठावाने रेखाटले. रंग नाही, रोगण नाही. भिंतीची माती आणि चित्राची माती एकच. संगीताच्या ओढीने ज्यांच्या जीवनयात्रेला आरंभ झाला, त्यांची रसिकता या चित्रांत प्रकट झाली.

आणि मग या कुटीची मालकीणच तिच्यातून बाहेर पडली. आदी निवासातील गर्दीत गांधीजींना निवांतपणा लाभेना. त्यांची प्रकृतीही ठीक नव्हती. तेव्हा मीराबहेनची कुटी त्यांना राहण्यास देण्यात आली. मोठ्या हौसेने, आपल्या हातांनी सजविलेले घर सोडून देणे सोपे नसते. मीराबहेननी ते दिले. कुटीत गरजेनुसार थोडी भर पडत गेली, आणि तीच बापू कुटी म्हणून विख्यात झाली. देशाच्या भवितव्याविषयीच्या कितीतरी मसलती या मातीच्या भिंतींच्या आत, चटईवर बसून झाल्या. दिल्लीतील व्हाइसरॉयच्या दगडी प्रासादाला शेणाने सारवलेल्या या कुटीची दखल घ्यावी लागली.

मातीचे घर म्हणजे सर्व दुःखांवरचा तोडगा, असे मात्र कोणी समजू नये. सेवाग्रामचा उन्हाळा तेथेही आपला प्रभाव दाखवीत असे. जून १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार तेथे आठवडाभर राहिला. उकाड्याने त्याचा जीव इतका कासावीस झाला, की पाण्याने भरलेल्या टबात एक खोके ठेवून तो त्यावर बसला आणि तशा स्थितीत टंकयंत्रावर आपला मजकूर लिहू लागला! शिवाय मातीचे घर मशागत मागते. दरवर्षी मृगापूर्वी कवेलू फेरावी लागतात. भिंती लिंपाव्या लागतात. वाळवीवर नजर ठेवावी लागते. आळशी माणसाचे मातीचे घर फार काळ टिकत नाही. परंतु ही मशागत घरातल्या माणसांना स्वतःच्या हातांनी करता येते. तिच्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागत नाही, हे विसरता कामा नये.

९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींबरोबर मीराबहेननाही अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांना ठेवण्यात आले. तेथे आठवड्याच्या आतच महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्या प्रशस्त वास्तूत मीराबहेनच्या वाट्याला दुःखच अधिक आले. घराचे मोठेपण त्याच्या भिंतींवर अवलंबून नसते, याचा प्रत्यय त्यांना तेथे आला असेल.

सुटकेनंतर मीराबहेन उत्तरेकडे गेल्या. गोसंवर्धन आणि शेती हे त्यांचे कार्य बनले. हृषीकेशजवळ पशुलोक आणि नंतर हिमालयातील भिलंगणा नदीच्या खोऱ्यात गोपाल आश्रम त्यांनी उभारला. घराची परीक्षा करणारी त्यांची दृष्टी आता डोंगरांकडे वळली. वाढत्या महापुरांचे कारण त्या शोधू लागल्या. पाणी धरून ठेवणारी बांजची झाडे नाहीशी होत आहेत व त्यांची जागा चीड घेत आहे, हे त्यांनी पाहिले आणि सरकारला वेळीच इशारा दिला. पर्यावरण हा शब्द लोकांच्या तोंडी नव्हता, त्या काळातील ही गोष्ट. छप्पर उडालेल्या घराची जी गती, तीच जंगल हरपलेल्या डोंगराची, हे त्यांनी ओळखले होते.

१९५९ मध्ये मीराबहेननी भारताचा निरोप घेतला. उर्वरित आयुष्य त्यांनी ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या वनश्रीच्या सान्निध्यात, बेथोव्हेनच्या चिंतनात घालविले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा सन्मान दिला. २० जुलै १९८२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांची कुटी मात्र सेवाग्रामात उभी आहे. १९७८ मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत तेथे आले होते. ते कुटीत बराच वेळ बसून राहिले. माणसाला खरोखर किती लागते, याचे उत्तर त्यांना त्या साध्या खोलीत सापडले, आणि ते त्यांनी जगापुढे मांडले.

आज आपल्या गावोगावी सिमेंटाची घरे उभी राहत आहेत. पक्के घर हवे, ही इच्छा गैर नाही. वर्षानुवर्षे गळक्या छपराखाली राहिलेल्या माणसाला ती होणारच. परंतु भिंती तापल्या म्हणून पंखा, पंखा पुरेना म्हणून कूलर, आणि त्या दोहोंसाठी विजेचे वाढते देयक, हे चक्रही आपण पाहतो. मीराबहेन सर्वांनी मातीतच राहावे असे सांगावयास आल्या नव्हत्या. घर बांधण्यापूर्वी ऊन कोठून येते, वारा कोठून वाहतो, पाऊस किती पडतो आणि आपल्या पायाखाली काय आहे, एवढे पाहावे, हाच त्यांच्या कुटीचा बोध आहे. वळचण पुढे काढणे, दारापुढे पडवी ठेवणे, समोरासमोर खिडक्या ठेवणे, पश्चिमेच्या भिंतीपाशी एक कडुनिंब लावणे, या गोष्टी सिमेंटाच्या घरालाही वर्ज्य नाहीत.

परक्या देशातून आलेल्या एका स्त्रीने आपल्या खेड्यातील गवंड्यापुढे आणि कुंभारापुढे शिष्य होऊन हे ज्ञान मिळविले. ते ज्ञान आपल्याच अंगणात होते, आणि अजूनही आहे. देऊळघाटच्या धाब्याखाली जो गारवा भर वैशाखात अंगाला जाणवतो, तो त्याचीच साक्ष देतो.